गौरीसाठी घरचाच तेरडा: पेरणीपासून बी धरेपर्यंत

दरवर्षी गौरी आल्या की बाजारात तेरड्याच्या जुड्या येतात, सकाळी उपटलेल्या, दुपारपर्यंत माना टाकलेल्या, मुळं अर्धी तुटलेली, आणि आपण त्याच निमूटपणे घेऊन येतो कारण ऐनवेळी दुसरं काही हातात नसतं. खरं तर तेरड्याएवढं बिनतक्रार झाड शोधून सापडायचं नाही. बी टाकलं की येतंच. गॅलरीतल्या दोन-तीन कुंड्यांत एका घराच्या गौरीपुरता आरामात होतो. गडबड होते ती खतपाण्यात नाही, तारखेत होते. म्हणजे लोक श्रावण लागल्यावर जागे होतात आणि मग गौरीला नुसता हिरवा पाला हातात येतो, फूल एक नाही. म्हणून आधी तारखेचंच बोलू.

बी पेरल्यापासून पहिलं फूल दिसायला साधारण ६० ते ७० दिवस धरा, सतत ढगाळ असेल तर अजून आठवडा. आता गणपती दरवर्षी एकाच तारखेला येत नाहीत हा सगळा घोळ आहे. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला, आणि २०२६ ला अधिक ज्येष्ठ असल्यामुळे एकदम १४ सप्टेंबरला. गौरी त्यानंतर काही दिवसांत येतात, अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, त्यामुळे कॅलेंडरात आवाहनाचा दिवस बघायचा आणि तिथून ७५-८० दिवस मागं मोजायचे. म्हणजे २०२५ सारखं वर्ष असेल तर जूनच्या मध्यापर्यंत बी मातीत पडलेलं हवं, पाऊस येवो न येवो, आणि २०२६ सारखं असेल तर जून संपता संपता पेरलं तरी चालतं. खात्री नसेल तर दोन हप्त्यांत पेरा, दहा-बारा दिवसांच्या अंतरानं. आधीचा लवकर फुलला तरी काही बिघडत नाही, तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात ते एकेका फुलापुरतं ठीक आहे, झाड मात्र महिना-दीड महिना सहज फुलत राहतं.

कुठला तेरडा घ्यायचा

हे जरा सविस्तर सांगते कारण इथे लोक फसतात. आपल्याला हवा तो रानतेरडा, इम्पेशन्स बाल्समिना. ओढ्याकाठी, बांधावर, जुन्या भिंतींच्या कडेला, पावसाळ्यात आपोआप उगवतो तो. फूल एकेरी, गुलाबी किंवा जांभळट, कधी पांढरं, पानाच्या बेचक्यात येणारं आणि मागे एक बारीक वाकडी सोंड असलेलं. त्या सोंडेत मध असतो. नर्सरीत 'बाल्सम' म्हणून मिळतो तो याच जातीचा, पण बऱ्याचदा डबल पाकळ्यांचा, गच्च भरलेला. दिसायला छान आहे, वाद नाही, पण पाकळ्यांच्या गर्दीत मधमाशीला आत शिरायला वाट राहत नाही आणि मला तरी गौरीच्या जुडीत तो लग्नाच्या स्टेजवरून उचलून आणल्यासारखा वाटतो. आणि नर्सरीत नुसतं 'इम्पेशन्स' म्हणून जे बुटकं, चपट्या फुलांचं झाड देतात ते तर मूळचं आफ्रिकेतलं, ते वेगळंच. त्याला तेरडा समजून घरी आणू नका.

आणि हो, कासच्या पठारावर गुलाबी गालिचे दिसतात तोही तेरडाच, पण त्या वेगळ्या जाती. तेरड्याच्या कुळात आपल्या देशात २०० च्या वर जाती आहेत आणि त्यातल्या कितीतरी फक्त पश्चिम घाटात सापडतात. सड्यावरचा तेरडा जांभ्या दगडावरच्या वीतभरही नसलेल्या मातीत, वाहत्या पाण्यात, धुक्यात वाढतो, तो उपटून कुंडीत लावला तर जगत नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि तिथलं फूल तोडणंसुद्धा गुन्हा आहे, पण नियमाचं सोडा, जे झाड आपल्याकडे जगणारच नाही ते आणायचं कशाला. पिवळा तेरडा डोंगरात दिसतो त्याचंही तेच, बघायचा, फोटो काढायचा, पुढं जायचं.

बी मिळवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे गावाकडच्या कुणाला तरी गणपतीनंतर सांगून ठेवायचं. शहरात असाल तर सोसायटीच्या मागच्या बाजूला, नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर सप्टेंबर-ऑक्टोबरात चक्कर मारा, दिसतोच. पाकिटातलं बी घ्यायचं असेल तर एकेरी फुलाचं आहे का ते विचारून घ्या.

पेरणी

बी तपकिरी, गोल, मोहरीपेक्षा जरासं मोठं. भिजवायची वगैरे गरज नाही. कुंडीत दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग वाळू किंवा कोकोपीट, एवढं पुरे. खत जास्त घालायचा मोह होतो पण तेरडा खत जास्त झालं की नुसता पानांनी माजतो, खोड जाड होतं आणि फुलं उशिरा येतात, म्हणजे आपल्याला नेमकं जे नकोय तेच.

बी वरवर टाकायचं आणि वरून बारीक माती भुरभुरायची, अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त नाही. मग स्प्रेनं पाणी. झारीनं घातलं तर सगळं बी एका कोपऱ्यात जाऊन बसतं. एक ते दोन आठवड्यांत उगवतं. पहिली दोन पानं गोलसर आणि गुबगुबीत असतात, त्यानंतरची लांबट आणि कडेला करवतीसारखे दाते असलेली, ती दिसली की समजायचं हा आपलाच, तण नाही.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर पाऊस बेफाम असतो तिथे थेट जमिनीत पेरलं तर पहिल्याच सरीत बी वाहून जातं. तिथे पडवीत, ओटीवर ट्रेमध्ये रोपं करायची आणि बोटभर झाली की बाहेर लावायची. पागोळ्यांच्या बरोबर खाली मात्र लावू नका, वरून पडणाऱ्या धारेनं कोवळी रोपं मोडतात. देशावर काळी माती असेल तर उलटा त्रास, पाणी साचतं, म्हणून वरंबा करून त्यावर लावायचा.

रोपाला खरी पानं दोन-तीन जोड्या आली की हलवायचं, तेही संध्याकाळी किंवा ढगाळ दिवशी. दोन रोपांत वीतभर ते फूटभर अंतर. दाट ठेवला तर सरळ सडपातळ वाढतो, मोकळा ठेवला तर खालून फांद्या फुटून झुडूप होतं. गौरीसाठी मला सरळ, सडपातळच बरा वाटतो, जुडी नीट बांधता येते, म्हणून मी जवळजवळच लावते. दहा इंची कुंडीत तीन रोपं बसतात, मोकळं झुडूप हवं असेल तर एकच ठेवा. शेंडा खुडायचा की नाही असं बरेच जण विचारतात. बागेसाठी असेल तर खुडा हवा तर, पण गौरीची तारीख गाठायची असेल तर हात लावू नका, खुडल्यावर फूल मागं पडतं.

ऊन किती? सकाळचं तीन-चार तास मिळालं तरी बास. दिवसभर उन्हात असेल तर ऑगस्टच्या उघडिपीत दुपारी माना टाकतो, संध्याकाळी पाणी मिळालं की परत उभा, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. खोड जवळजवळ पाण्याचंच असतं, नखानं दाबलं तर रस येतो. म्हणून पाण्याचा ताण याला अजिबात चालत नाही, आणि साचलेलं पाणीही चालत नाही. माती ओलसर, पण चिखल नाही.

एक गंमत सांगते. फूल यायच्या बऱ्याच आधी रंगाचा अंदाज घेता येतो. खोड बघायचं, विशेषतः खालची पेरं. पांढऱ्या फुलाच्या झाडाचं खोड फिकं हिरवं असतं, गुलाबी-जांभळ्याचं लालसर. घरात पूजेला लालसरच पाहिजे असा हट्ट असेल तर रोपं हलवतानाच निवडून घ्या.

काय काय होतं याला

सगळ्यात जास्त रोपं जातात ती बुडाशी सडून. जमिनीलगत खोड काळपट, पाणचट होतं आणि एका रात्रीत झाड आडवं. याला औषध मारत बसण्यापेक्षा ते रोप उपटून लांब टाका, बाकीच्यांचं पाणी कमी करा, आणि पुढच्या वेळी लावताना खोडाला माती चढवू नका, रोप जेवढं खोल होतं तेवढंच लावा.

गोगलगायी. पावसाळ्यात कोवळ्या रोपांचा फडशा पाडतात, सकाळी बघावं तर नुसता दांडा उभा. रात्री टॉर्च घेऊन वेचणं हाच उपाय, दुसरं काही तेवढं चालत नाही. मीठ टाकू नका, माती खराब होते.

मग एक जाडजूड अळी दिसेल, शेपटीला शिंग आणि अंगावर डोळ्यांसारखे ठिपके. बघून दचकायला होतं. ती हॉक मॉथची, म्हणजे झपकन येऊन हवेत थांबून मध पिणाऱ्या त्या मोठ्या पतंगाची अळी. चावत नाही, डसत नाही. एका कुंडीतली पानं मात्र दोन-तीन दिवसांत संपवते. माझं मत विचाराल तर एक कुंडी तिच्या नावानं सोडायची आणि बाकीच्यांवरून काडीनं उचलून तिथं ठेवायची.

मुंग्या दिसल्या तर लगेच पावडर मारू नका. पानाच्या देठावर बारीक गाठींसारख्या ग्रंथी असतात, त्यातून गोड रस येतो आणि मुंग्या त्यासाठीच येतात. झाडाचं काही खात नाहीत. मावा असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून पान उलटं करून एकदा बघा.

पाऊस ओसरल्यावर पानांवर पांढरी भुकटी धरते, भुरी. तोपर्यंत गौरी होऊन गेलेल्या असतात, शेंगा पिकत आलेल्या असतात, त्यामुळे खराब पानं काढायची आणि सोडून द्यायचं.

गौरीसाठी काढताना

घराघरात पद्धत वेगळी. कुणाकडे मुखवट्यांच्या गौरी, कुणाकडे पाणवठ्यावरून आणलेले खडे, आणि कोकणात बऱ्याच घरी तेरड्याचीच गौर. तेरड्याची मुळं म्हणजे गौरीची पावलं असं मानतात, म्हणून झाड मुळासकट लागतं, तोडलेली फांदी चालत नाही. बाजारातल्या जुड्यांचं नेमकं हेच वाईट असतं, खसकन उपटल्यामुळे मुळंच नसतात.

तर काढायचं कसं. आदल्या रात्री कुंडीला भरपूर पाणी द्या. सकाळी खोडापासून चार बोटं लांब खुरपं खुपसून माती सगळीकडून सैल करा आणि मग खोडाला धरून न ओढता खालून माती हातात घेऊन वर उचला. खोड कडकन मोडतं हे लक्षात ठेवा, पेराला तर जास्तच. कुंडीत असेल तर सरळ कुंडी आडवी करून ठोकायची, सगळा गोळाच बाहेर येतो. मग मुळं बादलीत बुडवून हलक्या हातानं माती धुवायची, नळाच्या धारेखाली धरू नका. धुतल्यावर ती लालसर-पांढरी, बारीक केसांसारखी मुळं मोकळी होतात आणि मग कळतं की बायका एवढ्या जपून का आणतात.

काढल्यापासून मुळं पाण्यात राहिली पाहिजेत. तांब्यात, बादलीत, कशातही, पण पाण्यात आणि सावलीत. जुडी सुती दोऱ्यानं सैल बांधा, आवळली तर खोडं चिरडतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सडायला लागतात. साडी नेसवायची असेल, दागिने घालायचे असतील तर भार जुडीवर न देता मधे काठी ठेवून तिच्यावर घ्या. जुडी तीन दिवस टिकवायची तर रोज सकाळी पाणी बदलायचं, आणि पंख्याच्या थेट वाऱ्यात ठेवायची नाही. फुलं गळतातच, तो तेरड्याचा स्वभाव आहे, म्हणून काढताना कळ्या जास्त असलेली झाडं निवडा, म्हणजे पूजनाच्या दिवशी नवी उमललेली असतात. हार करायला मात्र हे फूल बेकार, सुईला धरत नाही, लगेच मलूल. पाकळ्या फुलांच्या रांगोळीत किंवा परडीत वापरा.

आणि सगळीच झाडं उपटू नका. दोन-तीन तरी बियांसाठी मागं ठेवा, त्यांच्याशिवाय पुढच्या वर्षी काही नाही. ओढ्यावरून आणत असाल तर तिथेही तसंच, एका जागचा सगळा साफ करायचा नाही.

विसर्जनानंतर शहरात जुडी तलावात सोडण्यापेक्षा, घरी बादलीत विसर्जन करून दोरा-साडी काढून झाडं कंपोस्टमध्ये घातली तरी चालतात, रसाळ असल्यामुळे पटकन कुजतात.

नखं रंगवायला, आणि बाकीचे उपयोग

तेरड्याला गुलमेंदी म्हणतात ते उगाच नाही. मेंदीत रंग देणारं जे द्रव्य असतं, लॉसोन, ते तेरड्यातही असतं. मूठभर गडद रंगाच्या पाकळ्या, चार-पाच पानं आणि चिमूटभर तुरटी खलबत्त्यात कुटायची, पाणी घालायचं नाही, पानांचा रस पुरतो. तो लगदा नखावर नीट थापायचा, वरून एखादं मोठं पान गुंडाळून दोरा बांधायचा आणि रात्रभर ठेवायचं. नखाच्या आजूबाजूची कातडीही रंगते, ते नको असेल तर आधी कडेनं खोबरेल तेल लावून घ्या. सकाळी नारिंगी रंग येतो, दोनदा लावला तर विटकरी. धुतल्यानं जात नाही, नख वाढेल तसा पुढं सरकत जातो. लहान मुलींना हे फार आवडतं, नेलपॉलिशचा वास नाही, भानगड नाही. कातडी नाजूक असेल तर आधी एकाच बोटावर करून बघा.

भाजल्यावर पानाफुलांचा रस लावायची जुनी पद्धत आहे. पाल्यातल्या एका द्रव्यानं प्रयोगशाळेत बुरशी रोखलेलीही दिसते, पण त्यावरून कातडीच्या रोगावर घरच्याघरी औषध करू नका. आणि भाजलं असेल तर पहिल्यांदा भरपूर थंड पाणी आणि फोड आला असेल तर डॉक्टर, कुटलेला पाला उघड्या जखमेवर नको. पोटात घेऊ नका हेही सांगून ठेवते, यात कॅल्शियम ऑक्झलेटचे बारीक स्फटिक असतात, कच्चा पाला खाल्ला तर घसा खवखवतो, आणि किडनी स्टोनवाल्यांनी तर लांबच राहावं.

बी धरणं

इथे चपळाई लागते. शेंग लहान, मधे फुगीर आणि अंगावर लव असलेली. हिरवीगार असताना काही होत नाही, फिकट पिवळसर झाली, फुगून तट्ट झाली की नुसता धक्का लागायचा अवकाश, शेंगेच्या पाच फाका आत गुंडाळल्या जातात आणि बी चारी दिशांना उडतं. पोरांचा तो आवडता खेळ, आणि मुलांना बी कसं पसरतं हे शिकवायला याच्यापेक्षा चांगलं काही नाही, पण आपल्याला बी हवं असतं तेव्हा मात्र पंचाईत. उपाय सोपा आहे. शेंगेखाली तळहाताची ओंजळ करायची, शेंग पूर्ण मुठीत झाकायची आणि मग देठाशी दाबायची. मुठीत गुदगुल्या झाल्यासारखं वळवळतं, मग मूठ उघडायची. रोज लक्ष ठेवायला वेळ नसेल तर जुन्या ओढणीच्या जाळीदार तुकड्याची पोटली करून शेंगांवर सैल बांधून ठेवा.

शेंगा धरायला माश्या-फुलपाखरं यायला हवीत. नव्या उमललेल्या फुलात परागकोशांची एक टोपी असते, ती आतल्या स्त्रीकेसरावर बसलेली असते, आणि टोपी गळून पडल्यावरच त्याची पाळी येते. म्हणजे एकाच फुलात दोन टप्पे, आणि परागकण दुसऱ्या फुलातून आणावे लागतात. त्यामुळे फुलावर असताना कीटकनाशक मारलं तर शेंगा कमी धरतात.

बी सावलीत चार-पाच दिवस वाळवून कागदी पाकिटात ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून बुरशी येते. पाकिटावर रंग आणि महिना लिहा. गुलाबी आणि पांढरा शेजारी लावले असतील तर पुढच्या पिढीत रंगांची सरमिसळ होणार, एकच रंग हवा असेल तर त्या रंगाच्या दोन-तीन फुलांवर कळी असतानाच पोटली बांधा, उमलून त्यांची टोपी गळल्यावर त्याच रंगाच्या दुसऱ्या फुलाची टोपी काडीनं घासून पराग लावा आणि पोटली परत बांधा. कुंडीत जे बी सांडलं असेल ते तसंच राहू द्या, वळवाच्या पावसावर किंवा जूनच्या पहिल्या सरीला आपोआप उगवतं. फक्त ते आपल्या तारखेच्या हिशोबानं उगवत नाही, म्हणून गौरीसाठीची पेरणी वेगळी करायचीच.